मोजता आलं नाही, म्हणून नाकारलं

जुलै २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ‘नाइस’ या, औषधांचा फायदा आणि किंमत तोलणाऱ्या संस्थेनं एका औषधाबद्दलचा आपला अंतिम निर्णय जाहीर केला. औषधाचं नाव अफॅमेलानोटाइड, बाजारातलं नाव सिनेस. निर्णय नकाराचा होता. सरकारी आरोग्यसेवेनं, म्हणजे एनएचएसनं, या औषधावर पैसा खर्च करू नये असं नाइसनं सांगितलं. ज्यांना ते हवं होतं ती माणसं फार थोडी आहेत, आणि ऊन अंगावर पडलं की वेदना होणारा त्यांचा आजार इतका विरळ की बहुतेक डॉक्टरांच्या आयुष्यात त्याचा एकही रुग्ण येत नाही. तरीही मराठी वाचकानं या निर्णयाकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. सार्वजनिक पैशातून कुणाच्या दुखण्यावर किती खर्च करायचा हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे, आणि तो सोडवायचा कसा हे सांगताना नाइसचं उदाहरण जगभर दिलं जातं.

माझं म्हणणं असं आहे की या प्रकरणात नाइसचं चुकलं. औषध महाग होतं, यात वाद नाही. पण नकार निव्वळ किमतीमुळे आला नाही. औषधाचा फायदा ज्या मापानं मोजला गेला ते माप या आजाराला लागूच पडत नव्हतं, आणि मापातली ही उणीव रुग्णांच्या खात्यावर टाकली गेली.

आधी आजार समजून घेऊ. त्याचं नाव एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया, थोडक्यात ईपीपी. रक्ताला लाल रंग देणारं हीम हे द्रव्य शरीरात टप्प्याटप्प्यानं तयार होतं. अगदी शेवटच्या टप्प्यावर फेरोकेलाटेज नावाचं विकर (एन्झाइम) प्रोटोपॉर्फिरिनच्या रेणूत लोह बसवतं. हे विकर जन्मतःच अपुरं असेल तर प्रोटोपॉर्फिरिन तसंच साचत राहतं. तांबड्या पेशींत साचतं, रक्तद्रवात उतरतं, यकृतात जातं. जांभळा-निळा प्रकाश, साधारण ४०० ते ४१० नॅनोमीटर तरंगलांबीचा, हा रेणू भराभर शोषतो. ऊन अंगावर पडलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये तो ही ऊर्जा घेतो आणि ऑक्सिजनला देतो. असा चेतवलेला ऑक्सिजन रक्तवाहिन्यांचं अस्तर आतून जाळतो.

बाहेरून पाहणाऱ्याला बऱ्याचदा काहीच दिसत नाही. ना फोड, ना जखम. थोडी सूज, थोडी लाली, कधी तीही नाही. आत मात्र आग असते. सुरुवात हातांच्या पाठीवर, नाकावर, ओठांवर मुंग्या येण्यानं होते. मग खाज, मग चुणचुण. हा इशारा. तेवढ्यात सावली गाठली तर निभावतं. उशीर झाला तर पुढचे दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर, झोप लागत नाही. पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही, पंख्याचा वाराही झोंबतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सोडाच, अफूजन्य औषधांचाही उपयोग होत नाही. एकदा असा झटका आला की पुढचे काही दिवस एरवी चालला असता तेवढा प्रकाशही चालत नाही.

हा दिसणारा प्रकाश असल्यामुळे तो काचेतून येतो. मोटारीत बसलेलं मूल खिडकीच्या बाजूच्या हातानं भाजतं. दुकानात मिळणारी सनस्क्रीन मलमं मुख्यतः अतिनील किरण अडवतात, म्हणून तीही इथे कामाची नाहीत. लहान मूल हे सगळं सांगणार कसं? ते हात थंड पाण्यात बुडवून रडत बसतं, आईबाप हात उलटसुलट करून पाहतात, डॉक्टरांना पुरळ दिसत नाही आणि हट्टी मूल म्हणून विषय संपतो. ब्रिटनमधल्या दोनशेहून जास्त रुग्णांच्या पाहणीत पहिलं लक्षण साधारण पहिल्या वर्षी आणि निदान साधारण बाराव्या वर्षी, असा मध्यक (ज्याच्या अलीकडे निम्मे आणि पलीकडे निम्मे रुग्ण येतात तो आकडा) निघाला होता. मधली अकरा वर्षं त्या मुलावर कुणाचा विश्वास नसतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायची रीत आहे. उन्हानं बाळ दुखावतंय हा विचार आपल्या घरांत तर आणखीच उशिरा सुचेल.

या आजाराची पहिली स्पष्ट ओळख १९६१ साली लंडनमध्येच झाली. इयान मॅग्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्याचं वर्णन छापलं. तेव्हापासून उपचार म्हणून हाती होतं ते एवढंच: लांब बाह्या, हातमोजे, रुंद कडांची टोपी, खिडक्यांना पडदे. १९७० च्या सुमारास बीटा-कॅरोटिन आलं. त्यानं त्वचा पिवळसर होते आणि काहींना थोडा आराम वाटतो, पण भक्कम पुरावा कधी मिळाला नाही.

अफॅमेलानोटाइडची गोष्ट दुसऱ्याच टोकाला सुरू झाली, अमेरिकेच्या ॲरिझोना वाळवंटातल्या टुसॉन शहरात. आपल्या शरीरात अल्फा-एमएसएच नावाचं एक संप्रेरक असतं, तेरा अमिनो आम्लांची छोटी साखळी. ते त्वचेतल्या रंगपेशींना मेलॅनिन तयार करायला सांगतं. पण रक्तात ते काही मिनिटांतच मोडून जातं, त्यामुळे औषध म्हणून निरुपयोगी. १९८० च्या आसपास ॲरिझोना विद्यापीठात व्हिक्टर रुबी, मॅक हॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळीतले फक्त दोन मणी बदलले. चौथ्या जागी मेथिओनीनऐवजी नॉरल्युसीन, आणि सातव्या जागी फेनिलॲलनीनचं आरशातलं प्रतिबिंब शोभावं असं रूप. या दोन बदलांनी रेणू टिकाऊ झाला आणि मूळ संप्रेरकापेक्षा कितीतरी प्रभावीही.

मूळ कल्पना होती ती ऊन न खाता गोऱ्या त्वचेला गडद रंग आणायची, म्हणजे कर्करोगाचा धोका कमी होईल. पुढे हा रेणू मेलबर्नच्या एका छोट्या कंपनीकडे गेला, तिचं आजचं नाव क्लिन्युव्हेल. रंग गडद करण्याच्या बाजारातून बाहेर पडून खऱ्या गरजेच्या रुग्णांकडे वळण्याचा तिचा निर्णय शहाणपणाचा होता, आणि त्याचं श्रेय तिला द्यायला हवं. याच रेणूचे भाऊबंद आजही इंटरनेटवर नाकात मारायचे फवारे आणि इंजेक्शनं म्हणून बेकायदा विकले जातात. त्या धंद्याचा आणि या औषधाचा संबंध जोडू नये.

औषध म्हणजे सुमारे पावणेदोन सेंटीमीटर लांबीची बारीक कांडी, आत १६ मिलिग्रॅम पेप्टाइड. कमरेच्या हाडाच्या वर, त्वचेखाली ती सुईनं सरकवतात. ती आपोआप विरघळते, काढावी लागत नाही. दोन-तीन दिवसांत त्वचेचा रंग गडद व्हायला लागतो आणि साधारण दोन महिने परिणाम टिकतो. प्रोटोपॉर्फिरिन कमी होत नाही, मूळ दोष तसाच राहतो. मेलॅनिन प्रकाश शोषतं, विखुरतं, जाळणारे रेणू निष्प्रभ करतं, आणि त्यामुळे रुग्ण उन्हात जास्त वेळ टिकतो.

आता चाचण्यांकडे येतो, कारण सगळा वाद तिथेच आहे. जुलै २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन चाचण्यांचे निकाल एकत्र छापून आले. अमेरिकेतल्या चाचणीत ९४ रुग्ण होते, युरोपातल्या ७४. अमेरिकेत सहा महिन्यांत वेदनेविना थेट उन्हात काढलेला एकूण वेळ मोजला. औषध मिळालेल्यांचा मध्यक ६९.४ तास, नुसती रिकामी कांडी मिळालेल्यांचा ४०.८ तास. युरोपातल्या नऊ महिन्यांच्या चाचणीत हेच आकडे ६ तास आणि ०.८ तास. युरोपातल्या चाचणीत उन्हाचे झटके ७७ विरुद्ध १४६, म्हणजे जवळजवळ निम्मे.

अमेरिकेतला फरक सहा महिन्यांच्या दिवसांवर वाटला तर रोजची जेमतेम दहा मिनिटं येतात. नाइसच्या समितीपुढे औषधाचा फायदा ‘लहान’ दिसला तो अशाच आकड्यांमुळे. वर्षाला हजारो पौंड खर्चून रोजची दहा मिनिटं? आकडा असा मांडला की नकार शहाणपणाचा वाटू लागतो.

पण चाचणीत कोण होतं ते पाहा. ही माणसं बोलायला लागायच्या आधीपासून उन्हाला घाबरत आलेली. रस्त्याची सावलीची बाजू त्यांना आपोआप कळते. शाळा त्यांनी वर्गात बसून काढली, नोकऱ्या त्यांनी खिडकीपासून लांबच्या निवडल्या, सहलीला ‘मला काम आहे’ म्हणायची त्यांना सवय झालेली. शिवाय त्यांना माहीत होतं की आपल्याला मिळालेली कांडी रिकामी असू शकते. चूक ठरली तर तीन रात्री जागून काढायच्या आहेत. अशा माणसानं सहा महिन्यांत किती तास ऊन अंगावर घेतलं, यावरून औषधाची ताकद ठरवायची? पाण्याला जन्मभर भ्यालेल्या माणसाला पोहायला शिकवावं आणि त्या वर्षी तो किती तास विहिरीत होता यावरून शिकवणीचं मोल करावं, असा हा प्रकार आहे. मोजला गेला तो औषधाचा परिणाम आणि आयुष्यभराच्या धास्तीचा परिणाम यांचा एकत्र हिशेब.

दुसऱ्या मापाची गोष्ट याहून वाईट आहे. त्वचारोगांत आयुष्य किती बिघडलं हे विचारायला डीएलक्यूआय नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. १९९४ साली कार्डिफमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली सोरायसिस किंवा इसब यांसारख्या आजारांसाठी चांगली आहे, आणि तिच्यामुळे त्वचारोगांकडे गांभीर्यानं पाहायला मदत झाली. तिचे प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतात. गेल्या आठवड्यात त्वचा किती खाजली, किती दुखली? त्वचेमुळे खरेदीला जायला किंवा घर-बाग सांभाळायला अडचण आली का? खेळायला अडचण आली का? ईपीपीचा रुग्ण गेला आठवडा घरात बसून होता, म्हणून काही दुखलं नाही. बाग त्यानं कधी केलीच नाही, मैदानावर तो कधी गेलाच नाही, म्हणून तो ‘लागू नाही’ या चौकटीत खूण करतो. आणि डीएलक्यूआयमध्ये ‘लागू नाही’ला शून्य गुण असतात, अगदी ‘मुळीच त्रास नाही’सारखेच. ज्याच्या आयुष्यातून बाग, मैदान आणि समुद्रकिनारा कायमचे गेले, त्याची नोंद कागदावर बिनत्रासाचा माणूस अशी होते. त्याला औषध देऊन सुधारणा दाखवणार तरी किती? शून्याच्या खाली जायला जागाच नाही.

नाइसपुढच्या आर्थिक गणितात, कंपनीची मांडणी बाजूला ठेवून तज्ज्ञ गटानं जे पर्यायी गणित मांडलं, ते याच प्रश्नावलीवर उभं होतं. तिथून प्रत्येक वर्षाची ‘गुणवत्ता’ काढली गेली आणि तिनं खर्चाला भागलं गेलं. नाइसची पद्धत अशी की पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे एक एकक, आणि अतिविरळ आजारांच्या औषधाला असं एक एकक साधारण एक लाख पौंडांच्या आत मिळालं तर औषध परवडणारं मानायचं. अफॅमेलानोटाइडचा आकडा या मर्यादेच्या कितीतरी वर गेला. भागाकारात खालचा आकडा कृत्रिमपणे लहान असेल तर उत्तर प्रचंडच येणार.

ही उणीव कुणालाच ठाऊक नव्हती असं नाही. युरोपीय औषध संस्थेनं २०१४ मध्ये या औषधाला मान्यता देताना ‘अपवादात्मक परिस्थिती’चं कलम वापरलं. आजार विरळ, रुग्णांच्या आयुष्यावरचा परिणाम मोजायला प्रमाणित साधन नाही, आणि पुराव्यासाठी माणसांना मुद्दाम उन्हात उभं करणं योग्य नाही, हे तिनं मान्य केलं. त्या निर्णयाच्या वेळी संस्थेच्या मुख्य वैज्ञानिक समितीनं पहिल्यांदाच रुग्णांना चर्चेला बोलावलं होतं. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं. साधन नसेल तर माणसाला विचारा, आणि औषध सुरू करून पुढची नोंद ठेवा, असा तो मार्ग होता. अमेरिकेच्या एफडीएनंही ऑक्टोबर २०१९ मध्ये मान्यता दिली.

आणि पुढची नोंद खरंच ठेवली गेली. स्वित्झर्लंड आणि इटलीतल्या ११५ रुग्णांचा आठ वर्षांपर्यंतचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ईपीपीसाठी खास तयार केलेल्या प्रश्नावलीत त्यांचे गुण उपचाराआधी शेकडा ३१ होते, नंतर ७४ वर गेले आणि तिथेच राहिले. रॉटरडॅमच्या इरॅस्मस रुग्णालयातल्या ११७ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला. तिथे घराबाहेर काढलेला वेळ आठवड्याला सरासरी सहा तासांनी वाढला, आणि ११७ पैकी ११५ जणांनी उपचार चालू ठेवला. दर दोन महिन्यांनी प्रवास करून कमरेत जाड सुई टोचून घ्यायला एवढी माणसं पुन्हा पुन्हा येतात, ती रोजच्या दहा मिनिटांसाठी येत असतील का?

या अभ्यासांना मर्यादा आहेत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ज्यांना गुण आला तेच टिकले असतील ही शंका रास्त आहे. मूळ चाचण्यांतही एक अडचण होती: खरी कांडी मिळाली की रंग गडद होतो, त्यामुळे आपल्याला काय मिळालंय हे रुग्णाला कळतं. हे आक्षेप घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण पुराव्यात दोन्ही बाजूंना खोट असताना, फायदा कमी दाखवणारी खोट ‘कठोर शास्त्र’ म्हणून स्वीकारायची आणि जास्त दाखवणारी ‘पक्षपात’ म्हणून टाकायची, हा न्याय मला मान्य नाही.

इंग्लंडमधल्या रुग्णांनी हे शांतपणे, कायद्याच्या वाटेनं सांगितलं. नाइसचा पहिला अंतिम मसुदा २०१८ मध्ये नकाराचाच आला. त्याविरुद्ध ब्रिटिश पॉर्फिरिया असोसिएशन, त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आणि कंपनी अपिलात गेले. अपील मंडळानं काही मुद्दे उचलून धरले. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो समानता कायद्याचा: ईपीपी हे कायद्याच्या अर्थानं अपंगत्व आहे, आणि समितीनं तसा विचार करायला हवा होता. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. पाच वर्षं गेली. समितीनं रुग्णांची साक्ष ऐकली, चाचण्यांमध्ये फायदा पुरता उतरला नसावा इथपर्यंतही ती आली, आणि तरी उत्तर तेच राहिलं. म्हणजे मापात खोट आहे हे कळलं होतं. पण खोट कळल्यावर वजन पुन्हा करायचं असतं, ते झालं नाही.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद. मी तो हलका मानत नाही. एका कांडीची छापील किंमत १२,०२० पौंड. वर्षाला चार कांड्या म्हणजे ४८,०८० पौंड, आजच्या दरानं आपले पन्नास लाखांहून जास्त रुपये, एका माणसाचे एका वर्षाचे. एनएचएसचा खजिना अथांग नाही. हा पैसा इथे गेला तर तो कुठल्यातरी वॉर्डातल्या परिचारिकेच्या पगारातून, कुणाच्यातरी सांध्याच्या शस्त्रक्रियेतून जातो, आणि ज्याचं जातं तो माणूस समितीसमोर बोलायला येत नाही, कारण आपलं काय गेलं हे त्याला कधी कळतच नाही. त्या न दिसणाऱ्या माणसाची बाजू घेणारी संस्था म्हणून मला नाइसबद्दल आदर आहे. अशी संस्था आपल्याकडेही इतक्याच ताकदीची असावी असं मला वाटतं.

पण मग किमतीवर बोट ठेवा. ‘फायदा आहे, हा भाव आम्ही देणार नाही’ असं म्हणणं आणि ‘फायदाच लहान आहे’ असं म्हणणं यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यानं दडपण कंपनीवर येतं. दुसऱ्यानं ते रुग्णावर येतं, आणि त्याला लहानपणापासून ऐकू आलेलं ‘तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य सरकारी शिक्क्यासह पुन्हा ऐकावं लागतं.

कंपनीची वागणूकही इथे लपवून चालणार नाही. सगळ्या देशांना एकच भाव, कुणाला वेगळी सवलत नाही, हे क्लिन्युव्हेलचं जाहीर धोरण. एका परीनं त्यात प्रामाणिकपणा आहे. बड्या कंपन्या छापील किंमत आभाळाला भिडवतात आणि बंद दाराआड देशागणिक वेगळ्या सवलती देतात, त्यापेक्षा हे बरं. पण ज्या देशात मापाच्या भांडणामुळे करार अडला आहे तिथेही ताठ राहायचं, म्हणजे आपल्याच रुग्णांना वाऱ्यावर सोडायचं. शिवाय हा रेणू एका विद्यापीठात जन्मला. त्याची सगळी किंमत बाजारच ठरवील, हे मला पटत नाही.

मधला मार्ग होता, आणि तो इंग्लंडनंच वापरून दाखवला आहे. २०१५ मध्ये मॉर्किओ आजारावरच्या एलोसल्फेज अल्फा या अत्यंत महागड्या औषधाबाबतही पुरावा अपुरा होता. तेव्हा नाइसनं ठराविक मुदतीचा करार सुचवला: कंपनीनं किंमत उतरवायची, रुग्णांना औषध सुरू करायचं, ठरलेल्या गोष्टी नियमित मोजायच्या आणि मुदतीनंतर फेरविचार करायचा. ईपीपीसाठी असा करार अधिक शोभला असता, कारण इथे पुराव्याची उणीव औषधाच्या दुबळेपणातून आलेली नसून आजाराच्या स्वरूपातून आलेली आहे. करार एकट्या नाइसच्या हातात नव्हता, कंपनीनंही हात पुढे करायला हवा होता. दोघांनी आपापली तत्त्वं जपली, आणि त्याची किंमत त्या दोघांपैकी कुणीच मोजली नाही.

आपल्याकडे पाहिलं तर चित्र वेगळं आहे, पण प्रश्न तोच. विरळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं. ठरवून दिलेल्या केंद्रांमध्ये, ज्यांत मुंबईचं केईएमही आहे, एका रुग्णाला मिळणाऱ्या मदतीची मर्यादा २०२२ मध्ये पन्नास लाखांपर्यंत वाढवली. पन्नास लाख ही रक्कम ऐकायला मोठी आहे, पण अफॅमेलानोटाइडसारख्या औषधाच्या युरोपातल्या भावानं ती एका वर्षात संपेल, आणि आजार जन्मभराचा आहे. म्हणून आपल्याला दोन्ही गोष्टी लागतील: भाव खाली आणण्याची हिंमत, आणि फायदा नीट मोजण्याची समज. पहिल्या गोष्टीवर आपल्याकडे बरीच चर्चा होते, न्यायालयांतही होते. दुसरीवर जवळजवळ होत नाही. कुठला आजार मदतीच्या यादीत बसतो हे ठरवताना मृत्यूचा धोका, रुग्णालयातले दिवस, रक्ततपासणीतले आकडे सहज मोजले जातात. ज्या आजारानं माणूस मरत नाही, भरती होत नाही, फक्त बाहेर पडायचं थांबतो, तो आपल्या कागदावर कुठे उमटेल?

आणखी एक धागा थेट आपल्याशी जोडलेला आहे. याच औषधाचा उपयोग कोडासाठी, म्हणजे अंगावरच्या पांढऱ्या डागांसाठी, तपासला जातोय. अतिनील किरणांच्या उपचाराला या कांडीची जोड दिली तर रंग लवकर परततो, आणि सावळ्या त्वचेच्या रुग्णांत तो अधिक चांगला परततो, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. कोडामुळे आपल्याकडे लग्नं मोडतात, मुली घरात कोंडून घेतात. उद्या हे औषध कोडासाठी मान्य झालं तर रुग्णसंख्या मूठभर राहणार नाही. ‘रुग्ण थोडे म्हणून भाव जास्त’ हा बचाव तेव्हा टिकणार नाही, आणि किमतीची बोलणी करायला भारतासारख्या देशाच्या हातात खरी ताकद असेल. ती वापरायची तयारी आत्तापासून हवी.

ईपीपीसाठी आता पोटातून घ्यायच्या औषधांच्याही चाचण्या झाल्या आहेत. डर्सिमेलॅगॉन हे त्यातलं एक, तेही रंगपेशींवरच्या त्याच ग्राहीवर, म्हणजे संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या रेणूवर, काम करतं. २०२३ मध्ये त्याच्या १०२ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले, आणि मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे तिचा प्रश्न. सहा महिन्यांत किती तास उन्हात होतात, असं तिथे विचारलं नाही. उन्हात गेल्यापासून पहिली चुणचुण जाणवेपर्यंत किती वेळ गेला, असं विचारलं. हा प्रश्न त्या माणसाच्या रोजच्या जगण्यातला आहे. त्याला सावलीबाहेर तासन्‌तास राहायला लावायची गरज नाही, आणि इशारा मिळताच तो परत फिरू शकतो. उत्तरही स्पष्ट आलं: रिकाम्या गोळीच्या तुलनेत जवळपास एक तास जास्त.

अशा औषधांची फाइल नाइसपुढे जाईल तेव्हा हाच प्रश्न विचारला जावा, आणि त्याची मांडणी ठरवताना रुग्ण चर्चेच्या टेबलाभोवती असावेत, निकाल लिहून झाल्यावर साक्षीला बोलावलेले नसावेत. नव्या औषधाला हे माप लावायचं असेल तर अफॅमेलानोटाइडलाही तेच लावायला हवं. २०२३ ची फाइल त्यासाठी पुन्हा उघडावी लागेल. लागणारी माहिती गोळा करायला आणखी पाच वर्षं घालवायची गरज नाही, कारण युरोपातल्या उपचार केंद्रांमध्ये २०१६ पासूनच्या नोंदी तयार आहेत.